उसन्या गारव्याचा मुलूख

पुणे-नाशिक महामार्ग आणि माळशेज घाटातून कल्याणकडे उतरणारा रस्ता आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत पिकलेला माल या फाट्यावरून, नाहीतर त्याच्या आगेमागे असलेल्या बाजारांतून बाहेर पडतो. आळेफाट्याच्या उपबाजारात कांदा उतरतो, नारायणगावात टोमॅटो, मंचरला बटाटा. द्राक्षे तर बागेतूनच पेट्यांत भरून निघतात. या मालाचा इतिहास सांगायला कुणी बसले की कुकडी प्रकल्पाची धरणे, कालवे, मुंबईची बाजारपेठ, रस्ते यांची नावे येतात, आणि ती यायलाच हवीत. थंडीचे नाव मात्र त्यात येत नाही. माझे म्हणणे असे की गेल्या पावणेदोनशे वर्षांत या दोन तालुक्यांनी जी नगदी पिके धरली, त्यांपैकी बहुतेकांना जितका गारवा लागतो तितका इथे मुळात नाही. तो कधी पठारावरच्या ढगांकडून, कधी पौष-माघातल्या रात्रींकडून, कधी इटलीहून किंवा पंजाबातून आलेल्या बेण्याच्या रूपाने, तर कधी यंत्राकडून उसना घ्यावा लागला. ही उसनवारी कुठे जमली आणि कुठे फसली, याचा निकाल शेवटी वनस्पतीच्या पेशीत लागला. बाजारातल्या कितीतरी चढउतारांच्या मुळाशी पेशीने थंडीला दिलेले उत्तर आहे, आणि ते समजून न घेता या भागाचा शेतीचा इतिहास लिहिला तर तो अर्धाच राहतो.

पेशी थंडीला उत्तर देते म्हणजे नेमके काय करते? झाडाला आडोसा गाठता येत नाही, जागेवर उभे राहूनच निभवावे लागते, म्हणून सगळी हालचाल आतल्या आत होते. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध रेणूंचे एक पातळ पटल असते. उबेत ते लवचीक असते आणि त्यात बसलेली प्रथिने पाणी, क्षार, साखर यांची ने-आण करीत राहतात. तापमान उतरले की हे पटल, तूप थिजावे तसे, ताठर होऊ लागते आणि ने-आण मंदावते. थंड मुलखातल्या वनस्पती यावर उपाय म्हणून पटलातल्या स्निग्धाम्लांची घडणच बदलतात. असंतृप्त स्निग्धाम्ले वाढवली की पटल कमी तापमानालाही लवचीक राहते. पटल ताठरले की पेशीत कॅल्शियम शिरते, तो धोक्याचा पहिला इशारा. त्यानंतर काही तासांत एरवी निजलेली जनुके जागी होतात. १९९७ साली अमेरिकेत मायकेल थॉमशॉ यांच्या प्रयोगशाळेने मोहरीच्या कुळातल्या अॅराबिडॉप्सिस या लहानशा रोपट्यात ही जनुके जागवणारे प्रथिन ओळखले. सीबीएफ हे त्याचे नाव. मग पेशीत साखरा आणि प्रोलीनसारखे रेणू साठू लागतात, आतल्या द्रवाचा गोठणबिंदू थोडा खाली जातो, पटलांना आधार मिळतो. हे सगळ्यांना साधत नाही. गहू आणि कोबी थंडीला सरावतात. लागवडीतला बटाटा सरावत नाही, उणे दोन-तीन अंशांना त्याची पाने जळतात. त्याचा दक्षिण अमेरिकेतला एक रानटी नातलग मात्र सरावतो आणि कितीतरी अधिक थंडी सोसतो. टोमॅटोची पेशी तर पाणी गोठण्याच्या कितीतरी आधी, दहा अंशांच्या आसपासच ढासळू लागते. पुढच्या सगळ्या इतिहासात हे फरक लक्षात ठेवावे लागतात.

जुन्नरच्या हवेत थंडी नाही असे नव्हे. डिसेंबर-जानेवारीत शिवनेरीच्या पायथ्याशी पारा कधी कधी एक आकडी होतो. पण ती थंडी रात्रीपुरती असते आणि दुपारी ऊन तापते. दख्खनच्या हवेची पद्धतशीर मोजमापे घेणाऱ्या विल्यम साइक्स यांनी १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ती प्रसिद्ध केली, तेव्हापासून दिवस-रात्रीच्या तापमानातली ही मोठी तफावत नोंदली गेली आहे. थोड्याच वर्षांत अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरने तिचा उपयोग करून पाहिला. १८३८ पासून गिब्सन दापोडीच्या सरकारी वनस्पतिबागेचे प्रमुख होते, आणि जुन्नरजवळच्या हिवरे गावीही त्यांच्या देखरेखीखाली एक सरकारी बाग होती. लष्कराच्या औषधभांडारांना लागणाऱ्या वनस्पती विलायतेहून मागवण्याऐवजी इथेच पिकवाव्यात, हा त्या बागेचा हेतू. खुरासानी ओव्यासारख्या थंड हवेत वाढणाऱ्या वनस्पती तिथे हिवाळ्यात घेतल्या जात. या बागेकडे आपले इतिहासकार फारसे वळत नाहीत. गिब्सन यांचे नाव घेतले जाते ते पुढे मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले म्हणून. पण थंड मुलखातली वनस्पती उष्ण मुलखातल्या थंड महिन्यांत बसवायची, ही जी युक्ती या तालुक्यांनी पुढे बटाट्यात आणि भाजीपाल्यात वापरली, तिचा सरकारी पातळीवरचा एक जुना प्रयोग हिवऱ्याला झाला होता, हे नोंदवले पाहिजे.

बटाट्याची गोष्ट इथून सुरू करावी लागते, कारण या मुलखातल्या गारव्याच्या हिशेबात सगळ्यांत मोठे खाते त्याचेच आहे. अँडीज पर्वतातून निघालेले हे पीक एकोणिसाव्या शतकात पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात रुळले. पुणे जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८५ साली निघाले, तोवर खेड आणि जुन्नर ही बटाट्याची ठिकाणे म्हणून ओळखली जात होती. बोरघाटाची रेल्वे १८६३ मध्ये पुरी झाल्यावर मुंबईचे गिऱ्हाईक जवळ आले. पण गिऱ्हाईक असून भागत नाही, जमिनीखाली कंद धरावा लागतो. रोपाची पाने दिवसाची लांबी आणि रात्रीचा गारवा दोन्ही जोखतात, आणि पानात तयार झालेला निरोप खोडातून खाली गेला की जमिनीतल्या धुमाऱ्यांची टोके फुगू लागतात. रात्रीचे तापमान पंधरा ते वीस अंशांच्या दरम्यान असले तर हे काम चांगले चालते. वीसच्या वर जाऊ लागले की निरोप अडतो, पाला माजतो आणि कंद थोडे लागतात. सखल मैदानी भागात हिवाळ्याखेरीज अशा रात्री नाहीत. जुन्नर-आंबेगावला मात्र दोन मोके सापडले. एक हिवाळ्याचा, तो सगळ्यांनाच ठाऊक होता. दुसरा मोका पावसाळ्याचा. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर, म्हणजे पेठ, कुरवंडी, भावडी आणि आसपासच्या गावांत, आषाढ-श्रावणात आभाळ दिवसेंदिवस झाकलेले असते. उंचवटा, ढग आणि सह्याद्रीकडून येणारा ओला वारा यांच्यामुळे रात्री वीस अंशांच्या आसपास राहतात, बटाट्याला कसाबसा पुरेल इतक्याच. जमीन निचऱ्याची असल्याने पावसातही कंद सडत नाहीत. महाराष्ट्रात खरीप बटाट्याचे नाव निघाले की पठाराचे नाव निघते ते या अगदी काठावरच्या हिशेबामुळे.

मोके दोन सापडले, पण त्यांच्या मधे उन्हाळा होता, आणि सगळे घोडे तिथे अडत होते. रब्बीचा बटाटा माघ-फाल्गुनात निघतो आणि खरिपाची लागवड मृगाच्या पावसावर होते. मधले तीन-साडेतीन महिने बेणे सांभाळायचे कसे? शेतकऱ्यांनी शोधलेले उत्तर म्हणजे आरण. झाडाच्या दाट सावलीत बटाट्याचा ढीग रचायचा, वरून पालापाचोळा आणि गवत घालून झाकायचा, ऊन आणि उजेड आत जाऊ द्यायचा नाही. यात थोडासा गारवा मिळतो, पण बटाट्याच्या पेशीला चैत्र-वैशाखात हवा असलेला गारवा यापेक्षा पुष्कळ अधिक आहे. काढणीनंतर कंद आठ-दहा आठवडे निजलेला असतो. पाच अंशांच्या खाली ठेवला तर ही झोप लांबते, श्वसन अगदी मंद राहते. तीस-पस्तीस अंशांना श्वसन भडकते, साठवलेला स्टार्च जळत जातो, कंद वेळेआधीच म्हातारा होतो. अशा बेण्याची फोड लावली तर जोमदार चार खोडांऐवजी एखादे रोडके खोड वर येते. शेतकरी त्याला बेणे थकले म्हणत, आणि पेशीच्या दृष्टीने ते वर्णन अचूक आहे. उलट बाजूची अडचण अशी, की खरिपाचा बटाटा भाद्रपद-आश्विनात निघतो आणि रब्बीची लागवड लगेच कार्तिकात. तेवढ्या दिवसांत ताज्या कंदाची झोपच पुरी होत नाही. डोळे फुटत नाहीत. म्हणजे एका हंगामाचे बेणे म्हातारे आणि दुसऱ्याचे अजून निजलेले, अशा कात्रीत हा मुलूख सापडला होता.

इटालियन बेण्याचे कोडे इथे उलगडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई बंदरात दरवर्षी इटलीहून बेण्याचा बटाटा उतरत असे आणि पुणे जिल्ह्यात लावला जात असे. हजारो मैलांवरून बटाटा आणून मातीत पुरणे व्यवहाराला धरून नाही असे वरवर वाटते. पण इटलीतला बटाटा युरोपच्या उन्हाळ्यात निघतो, आपल्याकडे रब्बीची लागवड होईपर्यंत त्याची झोप पुरी झालेली असते आणि आपल्या उन्हाळ्याची धग त्याने पाहिलेली नसते. शेतकरी पैसे मोजत होते ते बटाट्यासाठी कमी आणि योग्य वयाच्या पेशींसाठी जास्त. या सौद्याची किंमतही मोठी होती. बटाट्याचा कंद पोखरणारा पतंग १९०६ च्या सुमारास इटलीच्या बेण्याबरोबरच मुंबई इलाख्यात आला असे मानले जाते, आणि उन्हाळ्यातल्या उबदार आरणीत त्याला मोकळे रान मिळाले. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी नागपूरकर, कुलकर्णी, कसरगोडे, परांजपे आदींनी पश्चिम भारतातल्या बटाट्याच्या लागवडीवर जो अभ्यास केला, तो १९२० साली मुंबईच्या शेतकी खात्याने पुस्तिकेच्या रूपात काढला. मॅन यांची ओळख महाराष्ट्राला पिंपळे सौदागरच्या गावपाहणीमुळे आहे. बटाट्यावरचे हे काम मात्र आज कुणी उघडत नाही, आणि मला ते खरेच दुर्दैव वाटते. प्रयोगशाळेतली माणसे आरणीपर्यंत गेली, याचे ते पश्चिम भारतातले एक चांगले उदाहरण आहे.

इथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. बेणे थकण्याचे खरे कारण विषाणू आहेत, मावा ते पसरवतो, म्हणून बाहेरचे निरोगी बेणे चांगले उगवे. यात बटाट्याच्या पेशीचा आणि थंडीचा संबंध काय? विषाणूंचा वाटा नाकारता येणार नाही. पुढे भारतात बेण्याची जी व्यवस्था उभी राहिली ती मुख्यतः मावा टाळण्यावरच उभी राहिली. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, मावा टाळायचा म्हणजेही थंडीच शोधायची. मावा जिथे किंवा जेव्हा वाढत नाही अशी जागा आणि असे महिने गार असतात. दुसरी, अगदी निरोगी कंदही तीन महिने पस्तीस अंशांना ठेवला तर तो म्हातारा होतोच. विषाणू नसलेल्या बेण्यालाही शीतगृह लागते, ते का लागते याचे उत्तर माव्यात मिळत नाही. दोन्ही कारणे एकाच दिशेने ओढत होती, म्हणून ती वेगळी दिसायला वेळ लागला.

दुसऱ्या महायुद्धात इटली शत्रुपक्षात गेल्यावर तिथल्या बेण्याचा मार्ग बंदच झाला. १९४९ साली पाटण्याला केंद्रीय बटाटा संशोधन संस्था सुरू झाली आणि १९५६ मध्ये ती सिमल्याला हलली, कारण डोंगरातल्या थंडीत माव्याचा त्रास कमी. बटाटा-संशोधक पुष्करनाथ यांनी नंतर दाखवून दिले की उत्तरेच्या मैदानातही ऑक्टोबर ते जानेवारी या महिन्यांत, माव्याची संख्या वाढण्याआधी पाला कापून टाकला तर निरोगी बेणे तयार होते. या पद्धतीमुळे पंजाब बेण्याचा प्रदेश झाला. तिथला बटाटा हिवाळ्याच्या अखेरीस काढायचा, दोन ते चार अंशांच्या शीतगृहात ठेवायचा आणि लागवडीच्या तोंडावर ट्रकने मंचरला आणायचा. आज मृगाच्या आधी मंचरच्या बाजारात बेण्याचे जे ट्रक उभे राहतात, त्यांतून प्रत्यक्षात पंजाबचा हिवाळा आणि शीतगृहातले चार-पाच महिने विकत घेतले जातात. मुंबईने गारवा विकत घेण्याची सवय फार आधी लावून घेतली होती. १८३० च्या दशकात अमेरिकेतल्या बोस्टनहून बर्फ भरलेली जहाजे कोलकात्याला आणि मुंबईला येत. पण तो बर्फ साहेबांच्या पेल्यात जात होता. तोच गारवा शेतकऱ्याच्या बेण्यापर्यंत पोहोचायला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि अजूनही तो दुसऱ्या राज्यातून यावा लागतो.

मग शीतगृह आले म्हणजे प्रश्न सुटला का? बटाट्याच्याच पेशीने याला नाही असे उत्तर दिले. स्वित्झर्लंडचे हर्मान म्युलर-थुर्गाउ यांनी १८८२ मध्येच दाखवले होते की थंडीत ठेवलेला बटाटा गोड होतो. (द्राक्षवाल्यांना हे नाव परके नसावे, त्याच वर्षी त्यांनी केलेल्या संकरातून निघालेली द्राक्षाची जात त्यांच्याच नावाने युरोपभर लावली गेली.) सात-आठ अंशांच्या खाली कंदातल्या पेशी स्टार्च मोडून साखर बनवू लागतात. ही साखर पेशीतल्या रिक्तिकेत जाते, तिथे इन्व्हर्टेज हे विकर तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे तुकडे करते. पेशीच्या बाजूने पाहिले तर हा बचाव आहे, गोठण्याआधीची तयारी. पण असा बटाटा तळला की या साखरांची अमिनो आम्लांशी अभिक्रिया होऊन चिप्स काळपट आणि कडवट होतात. २००२ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी त्यात अॅक्रिलामाइड हा घातक पदार्थही तयार होतो हे पुढे आणले. म्हणून चिप्सचा बटाटा बेण्यासारखा चार अंशांना ठेवून चालत नाही, तो दहा-बारा अंशांना कोंब रोखणारी रसायने वापरून ठेवावा लागतो. त्यासाठी १९९८ मध्ये चिप्सोना-१ आणि चिप्सोना-२ या खास जाती आल्या. आता पठाराकडे पुन्हा पाहा. भाद्रपद-आश्विनात उत्तर भारतातला बटाटा फेब्रुवारी-मार्चपासून शीतगृहात पडून असतो, त्यातला पुष्कळसा गोड झालेला. नेमक्या त्याच वेळी सातगाव पठारावर ताजा, थंडी न लागलेला, साखर कमी असलेला बटाटा निघतो. चिप्स कंपन्या पठारावर करार करायला का येतात याचे उत्तर भावात शोधले जाते. माझ्या मते ते आधी पेशीत आहे. आरणीत जे दौर्बल्य होते, म्हणजे यंत्राचा गारवा हाताशी नसणे, त्यामुळेच पठाराला चिप्सच्या युगात महत्त्व आले. मात्र हे महत्त्व टिकाऊ नाही. रात्री एक-दोन अंशांनी उबदार झाल्या तर पठाराचा काठावरचा हिशेब सगळ्यांत आधी कोलमडेल. उष्णतेत कंद धरणारी कुफरी सूर्यासारखी जात निघाली ती याच धास्तीतून.

द्राक्षाचा मार्ग याहून वेगळा आहे. युरोपात वेल पानगळीनंतर निजतो आणि हिवाळ्यात ठरावीक तास थंडी खाल्ल्याशिवाय त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. नारायणगावच्या हवेत ती थंडी कधीच पुरी होत नाही. सोडून दिला तर वेल बारमाही हिरवा राहतो आणि फळाला आळसतो. दख्खनच्या बागाइतदारांनी थंडीऐवजी ताण दिला. पाऊस संपल्यावर पाणी तोडायचे, मुळे उघडी करायची, छाटणी करायची. गॅझेटिअरच्या काळात अशा बागांतून वर्षाला दोन बहर घेतले जात, पावसाळ्यातला आंबट आणि फाल्गुनाच्या आसपासचा गोड. पुढे पावसाळी बहराचा नाद सोडून एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी, अशी घडी बसली. अलीकडे छाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. त्याने डोळ्यातल्या पेशींचे श्वसन क्षणभर बिघडते, आणि पेशी जणू हिवाळा सोसून झाला अशा रीतीने जागी होते. याला फसवणूक म्हणायचे तर म्हणा. पेशीला थंडी खाल्ल्याची खूण हवी असते, ती खूण दुसऱ्या वाटेने दिली जाते. खऱ्या थंडीचा वाटा नंतर येतो. काळ्या द्राक्षाच्या सालीत रंग भरणारी द्रव्ये गार रात्रीत चांगली साठतात, उबदार रात्री त्यांची निर्मिती रोखतात. जुन्नरच्या काळ्या द्राक्षाची कीर्ती दिवस-रात्रीच्या त्याच तफावतीवर उभी आहे जी साइक्स यांनी मोजली होती. आणि तोडणीनंतर हेच फळ शून्य ते एक अंशाला आठवडेच्या आठवडे सुखाने राहते. साखर भरपूर, पटल लवचीक. १९९१ मध्ये महाग्रेप्सच्या रूपाने सहकारी निर्यातीची घडी बसली, तिचा कणा पूर्वशीतकरण हाच होता. शेजारच्या वावरातला टोमॅटो याच गारव्यात ठेवला तर मात्र नासतो. जेम्स लायन्स यांनी १९७३ मध्ये उष्ण मुलखातल्या फळांच्या या दुखण्याचा जो विस्तृत आढावा घेतला, त्यात बोट ठेवले होते ते पटलांच्या ताठरण्यावर: पेशी गळू लागते, पिकण्याची क्रिया मोडते, बाहेर काढल्यावर डाग पडतात. हिरव्या टोमॅटोला बारा-तेरा अंश पुरे.

कांद्याची तऱ्हा या सगळ्यांत न्यारी, आणि आळेफाट्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. रोप पुरेसे जाड झाल्यावर कित्येक आठवडे आठ ते तेरा अंशांची थंडी लागली, तर कांद्याच्या वाढत्या टोकातल्या पेशी ती लक्षात ठेवतात आणि गड्डा पोसण्याऐवजी फुलाचा दांडा वर काढतात. शेतकरी त्याला डेंगळा म्हणतात. डेंगळा आलेला कांदा पोकळ निघतो, बाजारात त्याला कुणी विचारत नाही. रोपे लवकर टाकली आणि हिवाळा कडक पडला की तक्रार घरोघर ऐकू येते. पण बी धरणाऱ्याला हाच डेंगळा हवा असतो, म्हणून तो गड्डे कार्तिकात पुरतो आणि थंडीची वाट पाहतो. साठवणीतही कांदा बटाट्याच्या उलट वागतो. शून्याच्या जवळ तो निजतो आणि पंचवीस-तीस अंशांनाही निजतो. मधल्या दहा-पंधरा अंशांना मात्र भराभर कोंब काढतो. जुन्नर-आंबेगावच्या बराखीत आणि चाळीत वाऱ्यावर ठेवलेला उन्हाळ कांदा चार-पाच महिने तग धरतो तो या दुसऱ्या झोपेच्या जोरावर. शून्याजवळच्या शीतगृहात ठेवून पावसाळ्याच्या दमट हवेत बाहेर काढला तर त्याला घाम फुटतो आणि कोंबही लवकर येतात. म्हणजे चाळ ही मागासलेपणाची खूण नाही. ती कांद्याच्या पेशीला अनुकूल अशी जुनी रचना आहे, आणि राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयासारख्या संस्थांनीही चाळ टाकून न देता तिच्यात हवा कशी खेळेल यावर काम केले, हे मला फार योग्य वाटते.

दोन आक्षेप अजून उरतात. पहिला असा, की या भागाचे भाग्य पाण्याने पालटले. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे झाली नसती तर थंडी असून काय उपयोग होता? हे खरे आहे, आणि धरणांसाठी ज्यांची गावे गेली त्यांचा तर या समृद्धीवर पहिला हक्क आहे. पण पाण्याने कोणत्या वावरात पीक येईल हे ठरवले. कोणत्या महिन्यात कोणते पीक येईल, किती दिवस टिकेल आणि कुणाला विकले जाईल हे पाण्याने ठरवले नाही. सातगाव पठार कालव्याखाली नव्हते, पावसावरच होते, तरी बटाट्याचे केंद्र झाले. उलट कालव्याचे मुबलक पाणी असलेल्या कितीतरी सखल गावांत खरिपाचा बटाटा धरत नाही. दुसरा आक्षेप इतिहासाच्या पद्धतीचा आहे. ज्या शेतकऱ्याने आरण रचली त्याला पेशीचे पटल आणि जनुके ठाऊक नव्हती. आजचे विज्ञान त्याच्या डोक्यात मागाहून घालणे कितपत न्याय्य? मी त्याच्या डोक्यात काही घालत नाही. त्याला कारण ठाऊक नव्हते, परिणाम ठाऊक होता, आणि त्या परिणामावर त्याने आपली तिथी, आपली साठवण आणि आपली गाठीची रक्कम लावली होती. पौषात डेंगळा येतो म्हणून रोपे उशिरा टाकणारा माणूस पेशीच्या स्मृतीवर शेती करीतच होता. विज्ञानाने आज त्याच्या निवडीचे कारण सांगितले, तर इतिहासकाराने ते वापरू नये असा नियम कुठे नाही. नाहीतर आपल्याला इटालियन बेण्याचा खर्च वेडेपणा आणि चाळ अडाणीपणा वाटत राहील, आणि दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

या इतिहासाचा आजच्या एका मागणीशी थेट संबंध आहे. भाव पडले की प्रत्येक सभेत शीतगृहाची मागणी होते, आणि तीत कळकळ असते यात शंका नाही. पण शीतगृह असे एकवचनी म्हणून चालत नाही. बेण्याच्या बटाट्याला दोन ते चार अंश, तळणाच्या बटाट्याला दहा ते बारा, द्राक्षाला शून्याजवळ, टोमॅटोला बारा-तेरा, आणि कांद्याला बहुतेक वेळा यंत्रापेक्षा चांगली हवेशीर चाळ. सगळ्यांसाठी एकच थंड खोली बांधली तर त्यात कुणाचा तरी माल नक्की बिघडेल, आणि दोष पुन्हा शेतकऱ्याच्या मालाला दिला जाईल. मंचरला बेण्यासाठी वेगळी साठवण झाली तर निदान पंजाबच्या वाहतुकीवरचा आणि भावावरचा भार हलका होईल, आणि बेण्याची पारख पठारावरच्या लोकांच्या हातात राहील. बाजार समित्यांनी आणि सहकारी संस्थांनी पुढचा प्रस्ताव लिहिताना इमारतीच्या टनांआधी पिकाचे नाव आणि अंश लिहावेत, आणि शेतकऱ्यांनी तो प्रस्ताव वाचताना आधी त्याच दोन गोष्टी शोधाव्यात.